आंघोळीपुरत्या तारा

वाशीम
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना योगिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. तुम्ही, आई आणि गोठ्यातली मंडळी मजेत असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं तर कालच पाहून आले. मी मळ्याच्या फाटकातून आत शिरले आणि तुम्ही विळा वांग्याच्या सरीत टाकून धुऱ्याच्या बांधावरून चालते झालात. मला फक्त पाठ दिसली. तब्येत चांगली वाटली. चाल तर माझ्यापेक्षा जलद आहे.

रागावून लिहीत नाहीये. म्हणजे राग आहे, पण तो नंतरचा.

फोन तुमच्या बंडीच्या खिशात असतो आणि माझा नंबर दिसला की कट होतो. परवा आमच्या डॉक्टरसाहेबांनी स्वतः लावला, तर ‘दवाखान्यातून बोलतो’ एवढं ऐकून तोही कट. तुम्हाला वाटलं असेल, पोरीनंच कोणाला तरी बोलायला बसवलं. म्हणून मग हे पत्र. फुलचंदकाका उद्या सकाळी इथं भाजी उतरवून टेम्पो घेऊन परत निघतील, त्यांच्याजवळ देणार आहे. त्यांना बजावलं आहे की बाबा वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही आणि बिडी मागितली तरी द्यायची नाही.

फाडायचं असेल तर फाडा, पण आधी एवढं वाचा. आईला घेऊन दवाखान्यात या. पत्र मिळेल त्याच दिवशी या. कशासाठी, ते सांगते. जरा आढेवेढे घेत सांगेन, कारण बाहेरच्या माणसांशी धडाधड बोलणारी मी, घरच्या गोष्टीला हात घातला की अडखळते. हे मी तुमच्याकडूनच घेतलं आहे.

आधी चांगली बातमी. तुमच्या छातीला लावलेल्या मशीननं टिपलेले ठोके पाहिले. तुमचं हृदय ठणठणीत आहे.

शिरपूरच्या बाजारात तुम्हाला चक्कर आली ती हृदयामुळे नव्हती. मल्हारीचा घट बसला होता, तुमचा उपास होता आणि बीपीची गोळी तुम्ही रिकाम्या पोटी घेत होतात. उपास सोडणार नाही आणि गोळीही चुकवणार नाही, असा तुमचा हिशेब. साहेबांनी गोळी बदलून देतो म्हटलं आहे. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा.

तुम्ही मशीन लावायला आलात त्या दिवशी मी आतच होते. दारावरच्या पाटीवर माझं नाव वाचलं आणि तुम्ही उंबऱ्याबाहेर थबकलात. माझ्या हाताखालच्या राजूला म्हणालात, “पोट्ट्या, तूच लाव. मले बाईमानसाच्या हातानं नाई लावाचं.” बाईमाणूस! मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. राजू बिचारा लाजला. तो तुमच्या छातीवरचे केस काढत होता, पुसून घेत होता आणि स्टिकरसाठी एक हात पडद्यामागे पसरत होता. मी एकेक सोलून त्याच्या तळहातावर ठेवत होते. म्हणजे तुमच्या छातीला दिवसभर चिकटून राहिले ते स्टिकर माझ्याच हातचे. सांगून टाकलं. आता काय करता?

रिसोडच्या त्या पाहुण्यांना तुम्ही विसरला नसाल. सोयरीक जवळजवळ ठरली होती. मग त्यांच्यापैकी कोणीतरी तुम्हाला भर बाजारात गाठून विचारलं, “तुमची पोरगी दिवसभर मानसाच्या उघड्या छातीले हात लावते म्हंते, खरं काय?” तुम्ही घरी आलात, ओट्यावर बसलात. मला काहीच माहीत नव्हतं. मी तांब्या भरून आणला. “त्या हाताचं पानी मले देऊ नोको,” एवढंच बोललात. मी तांब्या खाली ठेवला. आईनं तोच तांब्या उचलला आणि तिच्या हातून तुम्ही प्यायलात.

सोयरीक मोडली याचं मला काडीचंही दुःख नाही बाबा. पण तो तांब्या अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मी वाशीमला खोली केली ती त्याच आठवड्यात. त्याला आता दोन चंपाषष्ठ्या झाल्या. परवाच्या चंपाषष्ठीला आईनं काकांजवळ वांगी पाठवली होती. आई ती तोडताना तुम्ही पाहिलं असेल आणि कुणासाठी ते विचारलं नसेल. भरीत केलं, राजूला आणि सिस्टरना दिलं. गोडीला आपल्या मळ्याच्या वांग्यासारखं वांगं नाही.

तर हे हात करतात काय, ते तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही कधी बसून सांगितलं नाही.

माणूस आत आला की आधी मी पडदा ओढते. बाई असेल तर अंगावर चादर देते आणि चादरीखालूनच हात घालते. तार लावायच्या आधी विचारते, “लावू का?” हे मला कोणी शिकवलं नाही, पण न विचारता लावणं मला जमत नाही. थंडीत तळहात एकमेकांवर घासून घेते, नाहीतर म्हातारी माणसं दचकतात आणि ठोक्यांची कागदी पट्टी, म्हणजे ईसीजी, थरथरत निघते. मग बोटानं बरगड्या मोजायच्या. दोन बरगड्यांमधली जागा सापडली पाहिजे. तिथून बोटभर सरकलं तरी पट्टी खोटं बोलते आणि डॉक्टर त्या खोट्यावर औषध देऊन बसतात. त्या वेळी माझ्या बोटाखाली पुरुष नसतो की बाई नसते. बरगडी असते, आणि तिच्यामागं घाबरलेलं कोणीतरी असतं.

आणखी एक गोष्ट शिकवतात. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. पेशंट मशीनकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो. मेडशीचे उकंडरावकाका एकदा आले होते. गॅस झाला म्हणून सोडा पिऊन आलेले, मला जोक सांगत होते. पट्टी बाहेर यायला लागली आणि मला कळलं की हा गॅस नाही. मी हसले, “पडून राहा काका, कागद संपला वाटतं,” म्हटलं आणि दाराबाहेर जाऊन पळत सुटले. साहेब आले, लगेच इंजेक्शन झालं, तिथूनच गाडीत घालून अकोल्याला नेलं. वाचले. नंतर त्यांची बायको सीताफळं घेऊन आली आणि माझे दोन्ही हात धरून उभीच राहिली. मला तेव्हा तुमची आठवण आली. का आली ते सांगत नाही.

आणि पट्टीवर काय दिसलं ते आम्ही पेशंटला सांगायचं नसतं. “कसं हाय वं बाई माहं?” असं विचारतात. पुष्कळदा उत्तर माझ्या डोळ्यांसमोर असतं, तरी म्हणायचं, “साहेब सांगतील.” माझं काम पट्टी खरी काढण्याचं. तिचा अर्थ लावून माणसाला सांगणं हे साहेबांचं. मी ही रेघ कधी ओलांडली नाही. आज ओलांडते आहे ती साहेबांनी सांगितल्यावरून. ते म्हणाले, “माणूस फोन उचलत नाही, बाई दवाखान्यात यायला तयार नाही. आता तू इथली टेक्निशियन म्हणून नाही, त्यांची पोरगी म्हणून लिही.”

तुमच्या लक्षात आलं असेल की मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये.

राजूनं तुमच्या छातीला लावली त्या मशीनला होल्टर म्हणतात. चोवीस तास ठोके टिपत राहते. ती परत आली की सगळं कॉम्प्युटरवर उतरवून मला अख्खा दिवस सरकवत पाहावा लागतो. कुठं तार हलली, कुठं बिघाड आहे, ते वेगळं काढायचं आणि मग साहेबांपुढे ठेवायचं. राजू म्हणाला, मी पाहतो. मी म्हटलं, नाही, हे मी पाहणार.

मी तुमचा सगळा दिवस पाहिला बाबा. तुम्ही मळ्यात पाणी धरलं तेव्हा ठोके वाढले. जेवून पडलात तेव्हा संथ झाले, छान गाढ झोप. संध्याकाळी मध्येच एकदम उसळले, कोणाशी भांडलात देव जाणे. मला हसू आलं, मग रडू आलं. दोन वर्षांत तुमच्याजवळ एवढा वेळ मी पहिल्यांदाच बसले होते.

मग सकाळ आली, तुमच्या आंघोळीची वेळ. पट्टी खरखरली, थोडा वेळ काहीच नाही, आणि परत सुरू झाली तेव्हा ती तुमची नव्हती. ठोक्याला चेहरा असतो बाबा. माणूस पळो की झोपो, तो चेहरा असा पार बदलत नाही. हा चेहरा वेगळाच होता, लहानखुरा आणि थकलेला. मी स्वतःला समजावलं की स्टिकर सैल झाले असतील. पुढं सरकवलं. मग तो ठोका थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला, आधीपेक्षा जास्त वेळ. मी साहेबांना हाक मारली. त्यांनी पुढंमागं करून पाहिलं आणि विचारलं, “योगिनी, हे हृदय दुसऱ्याचं आहे. पेशंटच्या घरी कोण कोण असतं?”

घरी तुम्ही दोघंच तर असता.

त्या दिवशी माझं तोंड मला सांभाळता आलं नाही. साहेबांनी खुर्ची पुढं केली आणि पाणी मागवलं.

त्याच दिवशी मी फुलचंदकाकांना फोन केला आणि आईला हळूच विचारा म्हटलं. आईनं लपवलं काहीच नाही, उलट हसत सांगितलं म्हणे. “राजूभाऊनं सांगतलं व्हतं ना, मशीन वली करू नोका अन् घडीभर बी बंद पडू देऊ नोका. अन् देव बसलेले, आंगोयीबिगर घटाले हात कसा लावाव? मशीन रिकामी चालली असती, म्हनून यायनं पूजा होईलोक मले लावली.”

कोणाला सांगितलं तर हसतील. मी नाही हसले. तुम्ही दिलेला शब्द कधी मोडला नाही. मशीन चालू ठेवायची म्हणजे ठेवायची, आंघोळ करायची म्हणजे करायची. दोन्ही गोष्टी बसवल्यात. मशीनला माणूस लागतो, माणूस दिला. चुकलं ते आमचं. मशीन तुमच्याच अंगावर राहिली पाहिजे, हे राजूनं वेगळं सांगायला हवं होतं. पण असं कोणी करील हे त्याला तरी कुठून सुचणार?

एक सांगू? मी ते दृश्य पुष्कळदा डोळ्यांपुढं आणलं. तुम्ही आईला पाटावर बसवलं असेल. राजूनं जादा दिलेले नवे स्टिकर काढले असतील, आणि कोणती तार तुमच्या अंगावर कुठं होती ते आधी नीट बघून, मग एकेक करून तिला लावली असेल. आई लाजली असेल. तुम्ही “हालू नोको” म्हणून दटावलं असेल. साहेबांनी मला विचारलं, “या तारा कोणी लावल्या? एकही जागा चुकलेली नाही.” मी म्हटलं, माझ्या बाबांनी. सांगताना माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तारा कशाबशा अडकवल्या असत्या तर मी तो सगळा भाग बिघाड समजून काढून टाकला असता आणि आईचं कधी कळलंच नसतं. तुम्ही नीट लावल्या म्हणून कळलं. छातीला हात लावल्याशिवाय तारा लागत नाहीत, हे तुम्हाला आता माहीत झालं आहे. मी यापुढे काही बोलत नाही.

आता ते सांगते जे काल मी आईलाही सांगू शकले नाही. आईच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निरोप निघतो, पण खालच्या कप्प्यापर्यंत कधी पोचतो, कधी पोचत नाही. पोचला नाही की हृदय थांबून राहतं. अजून तरी ते आपलं आपण पुन्हा सुरू होतं. साहेब म्हणाले, एखादे वेळी होणार नाही. गोळीनं हे बरं होत नाही. आधी इथं नीट तपासायचं आणि मग अकोल्याला नेऊन पेसमेकर बसवायचा. खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा लहान यंत्र असतं, ते हृदयाला वेळेवर हाक मारतं. ते बसवलेली माणसं शेतात काम करताना मी पाहिली आहेत. पण थांबायला वेळ नाही, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

काल मी स्वयंपाकघरात होते तेव्हा आई चुलीपुढून उठली आणि मेढीला धरून उभी राहिली. डोळे मिटलेले. मी “आई!” म्हणून ओरडलेच. म्हणे, “काई नाई वं, अंधारी आली. पित्त हाय.” हे पित्त तिला कधीपासून आहे बाबा? तुम्ही पाहिलं आहे का? मला खात्री आहे, तुम्ही पाहिलं आहे, आणि तिनं तुम्हालाही पित्तच सांगितलं आहे.

मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, आत्ता. तर म्हणाली, “यायले इचारल्याबिगर मी कायले येऊ? अन् त्या राजूपुढं पदर काढू काय मी?” मी लावीन म्हटलं. तर धुऱ्याकडे बघायला लागली, जिकडून तुम्ही गेला होतात. तिला माझ्याबरोबर यायचं आहे. पण मला नाकारलेल्या घरातून ती माझं बोट धरून निघणार नाही. तुम्ही आणलंत तरच येईल.

मला घरात घेऊ नका. माझं पाणी पिऊ नका. रिसोडचे पाहुणे आणि आणखी दहा गावचे पाहुणे खरे, मी खोटी, चालेल. तुम्हाला माझं तोंडही पाहावं लागणार नाही. आईला दारापर्यंत आणून सोडा, मी पडद्यामागं तिच्या तारा लावीन आणि तुम्ही आत यायच्या आधी दुसऱ्या दारानं निघून जाईन, जसे तुम्ही काल गेलात. तुमच्या मशीनचा आंघोळीपासूनचा भाग वाया गेला असल्यामुळे साहेब तुम्हालाही ती पुन्हा लावायची म्हणतात. तेव्हा राजूला बोलावू. स्टिकरसुद्धा त्यालाच सोलायला सांगेन.

पण आईला आणा बाबा. मी भांडत असेन, तोंड वर करून बोलत असेन, पण मी फार घाबरले आहे. दिवसभर लोकांना “घाबरू नका” म्हणते आणि खोलीवर येऊन आईच्या ठोक्याचाच विचार करते. हे मी दुसऱ्या कोणाला सांगू?

उद्या सकाळपासून मी दवाखान्याच्या दाराकडे बघत काम करणार आहे.

बरगड्या मोजणारे हे हात तुम्हीच रोपं लावायला शिकवलेले आहेत,

तुमची
योगिनी

⁂

वाशीम, दवाखान्याच्या भायेर
शनवार

चि. योगिनी,

तुह्याच कागदाच्या मांगच्या कोऱ्या आंगाले लिहून राह्यलो. पेन गेटवरच्या मानसाचा हाय. त्याले लवकर पायजे, म्हनून थोडकं लिवतो.

फुलचंदनं बिडी देल्ली नाई. त्याच्याच टेम्पोत आलो.

आईले आत पाठोलं. हा कागद तिच्या पदराले बांधून देल्ला. तिले अजून पूरं सांगतलं नाई, पित्ताचं इंजेक्शन देतेत म्हनून आनली. वाटेनं तिचा हात धरून बसलो तं म्हने, लोकं पाह्यतेत. पाहू दे म्हनलो. पुढचं तू सांग. तुले समजावून सांगता येते, मले नाई येत.

अकोल्याले न्या लागन तं आजच नेऊ. मी घरून कपडे घेऊनच आलो.

तिच्या तारा तूच लाव. पडदा नीट ओढजो. उजव्या खांद्याखाली लावतानी तिले गुदगुल्या होतेत. लय हासत व्हती. म्या दटावलं व्हतं, तुले कसं मालूम पडलं?

दुसऱ्या दारानं जायाचं काई काम नाई. परवा मी गेलो ते गेलो. तू नोको जाऊ.

आईचं झालं की मले आत बलावजो. माही मशीन पुन्हा लावा लागते म्हंतं ना. त्या पोट्ट्याले सांगू नोको. तूच लावजो.

मी गेटापासच्या बाकड्यावर हावो. इथं उन लागून राह्यलं. येतानी पेयाले पानी आनजो.

बाबा